सात डॉलरांची पलटण

बॉस्टनमध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या विधानभवनासमोर, ब्राँझचे एक भव्य उठावशिल्प आहे. घोड्यावर स्वार झालेला गोरा कर्नल आणि त्याच्या बाजूने खांद्यावर बंदुका टाकून निघालेले काळे शिपाई. अमेरिकन यादवी युद्धात, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेविरुद्ध उत्तरेच्या संघराज्याने केलेल्या युद्धात, लढलेल्या चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स स्वयंसेवक पायदळ पलटणीचे हे स्मारक. ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने ते घडवले आणि ३१ मे १८९७ रोजी त्याचे अनावरण झाले. २०२० मध्ये अमेरिकेत पुतळ्यांवरून रान पेटले तेव्हा हे शिल्पही त्या वादात ओढले गेले. एका बाजूचे म्हणणे असे की गोरा घोड्यावर आणि काळे पायी, म्हणजे हे उद्धारकर्त्या गोऱ्याचे स्मारक. शिवाय मूळ शिल्पावर नावे कोरली ती पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची, काळ्या शिपायांची नावे यायला १९८० चे दशक उजाडावे लागले. दुसरी बाजू म्हणते, असेना का तसे, पण काळा माणूस लढू शकतो हे याच पलटणीने १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी वॅग्नर किल्ल्याच्या तटावर रक्त सांडून सिद्ध केले, ते पुसू नका.

दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांचीही नजर त्याच एका संध्याकाळवर खिळलेली असते. पलटण १८६३ च्या वसंतात उभी राहिली आणि ऑगस्ट १८६५ मध्ये विसर्जित झाली. या काळातले जवळजवळ दीड वर्ष तिच्या शिपायांनी सरकारकडून पगाराचा एक छदामही घेतला नाही, आणि पलटण म्हणून लढणेही सोडले नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: चोपन्नाव्या पलटणीची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे तो नाकारलेला पगार. वॅग्नरची चढाई तिच्याखालोखाल येते. आणि हा क्रम आपण उलटा लावतो, कारण दबलेल्या माणसाने मरून दाखवलेले आपल्याला आवडते. त्याने हिशेब मागितलेला आवडत नाही.

भांडण काय होते ते आधी पाहू. १ जानेवारी १८६३ ला अध्यक्ष लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला आणि काळ्यांना सैन्यात घेण्याचा मार्ग खुला झाला. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी त्याच महिन्यात युद्धमंत्री एडविन स्टँटन यांची परवानगी मिळवली. खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये काळी वस्ती तुरळक, म्हणून पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो अशा राज्यांतून माणसे गोळा केली. बहुतेक जण जन्माने स्वतंत्र होते: शेतमजूर, खलाशी, न्हावी, कारागीर. पुढे हॉलिवूडने या पलटणीवर चित्रपट काढला त्यात बहुतेकांना पळून आलेले गुलाम करून टाकले. कथेला ते सोयीचे असेल, इतिहासाला नव्हते. फ्रेडरिक डग्लस या काळ्या पुढाऱ्याने भरतीसाठी आवाहन लिहिले आणि स्वतःची दोन मुले, लुईस आणि चार्ल्स, या पलटणीत पाठवली. भरती होताना प्रत्येकाला सांगितले गेले की पगार, कपडे, शिधा सगळे इतर शिपायांसारखेच मिळेल. म्हणजे महिना तेरा डॉलर, वर कपड्यांचा साडेतीन डॉलर भत्ता. शब्द राज्याच्या गव्हर्नरचा होता आणि त्याला युद्धखात्याचा आधार होता.

पलटण २८ मे रोजी बॉस्टनहून जहाजाने दक्षिण कॅरोलायनाकडे निघाली. त्यानंतर काही दिवसांतच युद्धखात्याच्या विधी सल्लागाराने वेगळाच अर्थ काढला. जुलै १८६२ च्या मिलिशिया (नागरी सेना) कायद्यात ‘आफ्रिकन वंशाच्या व्यक्तीं’ना महिना दहा डॉलर देण्याची आणि त्यातले तीन कपड्यांपोटी कापण्याची तरतूद होती. तो कायदा खंदक खणणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या मजुरांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला. तोच आता बंदूकधारी शिपायाला लावला गेला. हाती उरले सात डॉलर. आणि शिपायाला सात म्हणजे सार्जंटलाही सातच. काळ्या माणसाच्या बाहीवर किती पट्ट्या आहेत याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. पलटणीचा कर्नल रॉबर्ट गुल्ड शॉ, पंचविशीतला तरुण, याने जुलैच्या आरंभीच गव्हर्नरला कळवले की एकतर कबूल केलेला पूर्ण पगार द्या, नाहीतर या माणसांना सेवेतून मोकळे करा. दोन आठवड्यांनी वॅग्नरच्या तटावर शॉ मारला गेला.

वॅग्नरचे वर्णन इतक्यांनी केले आहे की मी थोडक्यात सांगतो. चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी मॉरिस बेटावर वाळू आणि लाकडी ओंडक्यांचा तो किल्ला. समुद्र आणि दलदल यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून संधिप्रकाशात चढाई झाली, आघाडीला चोपन्नावी. सुमारे सहाशे गेले, त्यांतले २७२ ठार, जायबंदी किंवा बेपत्ता झाले. किल्ला पडला नाही. सार्जंट विल्यम कार्नी जखमा अंगावर घेऊन झेंडा जमिनीला न टेकवता परत आला. शत्रूने शॉला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात गाडले, अपमान म्हणून. शॉच्या वडिलांनी तो मान समजून प्रेत हलवू नका असे कळवले. हे सारे खरे आहे, आणि वाचताना आजही अंगावर काटा येतो. प्रश्न एवढाच की या रक्ताने नेमके काय बदलले?

प्रतिपक्षाचा पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा इथेच येतो. वॅग्नर झाले नसते तर या पलटणीच्या पगाराकडे कुणी ढुंकून पाहिले असते का? उत्तरेतल्या वर्तमानपत्रांनी या चढाईला डोक्यावर घेतले, काळ्यांच्या भरतीला वेग आला, युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० काळे शिपाई संघराज्याच्या लष्करात दाखल झाले. लिंकनने ऑगस्ट १८६३ मध्ये एका जाहीर पत्रात टीकाकारांना सुनावले की तुम्ही म्हणता, आम्ही काळ्यांच्या मुक्तीसाठी लढणार नाही. त्यांच्यातले काही मात्र तुमच्यासाठी लढायला तयार दिसतात. डग्लसचा सिद्धान्तही हाच होता: काळ्या माणसाच्या अंगावर एकदा ‘यू.एस.’ ही पितळी अक्षरे चढू द्या, खांद्यावर बंदूक येऊ द्या, मग त्याने नागरिकत्व कमावले हे जगातली कोणतीही शक्ती नाकारू शकणार नाही. वॅग्नरने कान उघडले, हे मला मान्य आहे. पण कान उघडणे वेगळे आणि तिजोरी उघडणे वेगळे. चढाई जुलै १८६३ ची. समान पगाराचा कायदा जून १८६४ चा. मधले अकरा महिने सरकार त्या शूर शिपायांना, ज्यांची वाखाणणी अध्यक्ष स्वतः करत होते, सातच डॉलर देऊ करत होते. शौर्य हाच पुरावा असेल तर निकाल लागायला अकरा महिने का लागावेत? आणि मग निकाल लावला कुणी?

शिवाय पुरावा पहिल्यांदा सादर होत होता असेही नाही. वॅग्नरच्या आधी मे महिन्यात पोर्ट हडसनला आणि जूनमध्ये मिलिकन्स बेंडला काळे शिपाई लढले होते. त्याच्याही मागे जा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ऱ्होड आयलंडच्या पहिल्या पलटणीत काळे लढले. युद्ध जिंकले आणि १७९२ च्या मिलिशिया कायद्यात ‘गोरा पुरुष’ हे शब्द आले. १८१४ मध्ये अँड्र्यू जॅक्सनने न्यू ऑर्लिन्सच्या बचावासाठी स्वतंत्र काळ्यांना हाक दिली, गोऱ्यांइतकेच पैसे आणि जमीन देऊ म्हटले, त्यांच्या लढण्याची तारीफही केली. १८२० मध्ये लष्कराने हुकूम काढला की काळा किंवा मिश्रवर्णी माणूस भरती करायचा नाही. १८५७ मध्ये तर सरन्यायाधीश टॅनींनी ड्रेड स्कॉट खटल्यात लिहून टाकले की काळ्यांना असे कोणतेच हक्क नाहीत ज्यांचा मान गोऱ्याने राखायलाच हवा. म्हणजे प्रत्येक पिढीत काळ्या माणसाने शौर्याची परीक्षा द्यायची, उत्तीर्ण व्हायचे, आणि पुढच्या पिढीने पुन्हा पहिलीत बसायचे. जी परीक्षा कितीही वेळा दिली तरी निकाल रद्द करता येतो, ती परीक्षा घेणाऱ्याच्या सोयीची असते.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या मुंबई लष्करात महार शिपायांनी पिढ्यान् पिढ्या चाकरी केली, सुभेदारीपर्यंत चढले. १८९० च्या दशकात ‘लढाऊ जाती’ नावाचे शास्त्र इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात शिरले आणि महारांची भरती बंद झाली. पिढ्यान् पिढ्यांचे शौर्य एका हुकुमासरशी बाद. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विनंतीअर्ज थेट विलायतेपर्यंत नेला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा युद्ध आले, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट. शौर्य दरवेळी होते. हमी कधीच नव्हती. आपल्याकडे सैनिकी इतिहासावर जे वाद रंगतात त्यांत ‘कुणासाठी लढले’ आणि ‘किती शौर्याने लढले’ याच दोन प्रश्नांभोवती पिंगा चालतो. कोणत्या अटींवर लढले, आणि त्या अटी मोडल्या तेव्हा काय केले, हे विचारायला फारसे कुणी थांबत नाही.

चोपन्नाव्या पलटणीने काय केले ते पाहा. वॅग्नरनंतर पगारवाटप करणारा अधिकारी आला, दहातून तीन वजा करून रक्कम पुढे केली. पलटणीने हात लावला नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये मॉरिस बेटावरच्या छावणीतून जेम्स हेन्री गुडिंग या कॉर्पोरलने थेट अध्यक्ष लिंकनना पत्र लिहिले. गुडिंग मूळचा व्हेलच्या शिकारी जहाजांवरचा खलाशी. न्यू बेडफर्डच्या वर्तमानपत्राला युद्धभूमीवरून नियमित बातमीपत्रे पाठवायचा. त्याच्या पत्रातला प्रश्न एका ओळीचा आहे: आम्ही सैनिक आहोत की मजूर? आणि पुढे: सैनिकाचे कर्तव्य आम्ही बजावले, मग सैनिकाचा पगार आम्हाला का नाही? विनवणीचा सूर त्यात औषधालाही नाही. करार काय झाला, काम काय झाले, येणे काय आहे, असा सरळ हिशेब मांडला आहे.

नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर अँड्र्यूंनी तोडगा काढला. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ठराव केला की फरकाची रक्कम राज्य भरील. संघराज्याचे कमी पडणारे पैसे आणि राज्याची भर मिळून प्रत्येकाला पूर्ण तेरा डॉलर. बायकामुले घरी उपाशी, हिवाळा तोंडावर, आणि पैसे दारात आलेले. पलटणीने तेही नाकारले. कारण सरळ होते. राज्याची भर घेतली की खिशात तेरा येतात, पण संघराज्याच्या दफ्तरात त्यांची किंमत सातच राहते. पैशांचा प्रश्न असता तर तो त्याच दिवशी सुटला असता. मला या नकारात जी राजकीय समज दिसते ती त्या काळच्या कितीतरी सिनेटरांत दिसत नाही. सवलत आणि हक्क यांतला फरक भल्याभल्यांना तत्त्वज्ञानाची पाने चाळून कळत नाही. या माणसांनी तो रिकाम्या खिशाने सांगितला.

प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा लष्करी शिस्तीचा आहे, आणि तो लिंकनचाच आहे. ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लस त्यांना भेटायला गेला तेव्हा लिंकननी सांगितले की काळ्यांना सैन्यात घेणेच मुळात अनेकांना खुपते आहे, ते गळी उतरवण्यासाठी कमी पगार ही तात्पुरती तडजोड आहे, पुढे समान पगार मिळेल. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली केंटकी, मिसुरीसारखी राज्ये हातची जाऊ द्यायची नव्हती. युद्धाच्या धामधुमीत शिपाई घासाघीस करू लागले तर सैन्य कसे चालायचे? युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. पण त्यात एक गृहीतक दडले आहे: पुढे मिळेल. पुढे म्हणजे कधी, आणि कुणी मागितल्यावर? आणि काळ्या शिपायाचा धोका गोऱ्यापेक्षा कमी असता तर गोष्ट वेगळी. इथे उलट होते. दक्षिणेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला होता की काळ्या पलटणींचे गोरे अधिकारी पकडले गेल्यास त्यांच्यावर गुलामांना बंडाला चिथावल्याचा खटला चालेल, आणि काळे शिपाई राज्यांच्या हवाली केले जातील; म्हणजे फाशी किंवा पुन्हा गुलामी. एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो इथे शरण आलेल्या काळ्या शिपायांची कत्तल झाली. जास्त धोक्याला कमी दाम, ही तडजोड कुणाच्या खिशातून चालली होती?

आणि शिस्त मोडली म्हणावे तर ओलस्टी आठवावे. २० फेब्रुवारी १८६४, फ्लोरिडा. संघराज्याच्या फौजेचा सपशेल पराभव झाला आणि पळापळ सुरू झाली तेव्हा मागे उभी राहून माघार झाकणाऱ्यांत चोपन्नावी होती. ‘मॅसॅच्युसेट्स आणि महिना सात डॉलर!’ अशी आरोळी ठोकत ती त्या जंगलात उतरली, असे पलटणीच्या इतिहासात नोंदले आहे. परतताना जखमींनी भरलेल्या आगगाडीचे इंजिन बंद पडले, तर या शिपायांनी डब्यांना दोर बांधून गाडी हातांनी ओढत नेली. यांपैकी एकालाही तोवर सरकारचा पगार मिळालेला नव्हता. गुडिंग याच लढाईत जखमी होऊन पकडला गेला आणि जुलैमध्ये अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध तुरुंगछावणीत मेला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर काँग्रेसने दिले तेव्हा तो कैदेत होता.

पण इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांना थोडे थांबवतो. ‘काम सोडले नाही, फक्त पगार सोडला’ हे चोपन्नाव्याचे भूषण म्हणून सांगताना आपण नकळत एक सोज्वळ आदर्श उभा करतो आणि दुसऱ्या कुणालातरी गुन्हेगार ठरवतो. तिसऱ्या दक्षिण कॅरोलायना पलटणीचा सार्जंट विल्यम वॉकर. त्याची पलटण पूर्वीच्या गुलामांची होती. नोव्हेंबर १८६३ मध्ये त्याच्या तुकडीने कर्नलच्या तंबूपुढे बंदुका रचून ठेवल्या: सात डॉलरांवर आम्ही सैनिकाचे काम करणार नाही. कोर्टमार्शल झाले, बंडाचा आरोप सिद्ध धरला गेला आणि २९ फेब्रुवारी १८६४ रोजी जॅक्सनव्हिलला वॉकरला गोळ्या घातल्या गेल्या. गव्हर्नर अँड्र्यूंनी यावर जे म्हटले ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत धारदार वाक्य वाटते: ज्या सरकारला त्याला पगार देण्यासाठी कायदा सापडला नाही, त्याला सैनिक म्हणून गोळी घालण्यापुरता कायदा मात्र सापडला. वॉकर आणि गुडिंग यांची मागणी एकच. मग एकाचे पत्र इतिहासात का गेले आणि दुसऱ्याला गोळ्या का मिळाल्या? चोपन्नाव्याच्या पाठीशी एक गव्हर्नर होता, बॉस्टनची वर्तमानपत्रे होती, लिहिता-वाचता येणारे शिपाई होते. वॉकरच्या पाठीशी कुणी नव्हते. संयमालाही भांडवल लागते. आणि चोपन्नाव्यातही सगळे शांत होते असे नाही. १८६४ च्या वसंतात तिथेही काहींनी काम नाकारले, आणि तिच्या जोड-पलटणीत, पंचावन्नाव्यात, वॉलेस बेकर नावाच्या शिपायाला अधिकाऱ्यावर हात उचलल्याबद्दल १८ जून १८६४ रोजी मृत्युदंड दिला गेला. समान पगाराच्या कायद्यावर तेव्हा तीन दिवसांपूर्वी शिक्कामोर्तब झालेले होते.

याहून अवघड मुद्दा गुडिंगच्याच पत्रात आहे. आपली बाजू भक्कम करताना तो लिहितो की आम्ही जन्माने स्वतंत्र, स्वतःच्या पायावर उभे असलेले लोक. युद्धात हाती लागलेल्या गुलामांसाठी केलेला कायदा आम्हाला लावू नका. वकिली म्हणून युक्तिवाद चोख. पण त्याची फळे पाहा. १५ जून १८६४ च्या कायद्याने समान पगार दिला तो सर्वांना १ जानेवारी १८६४ पासून. त्याआधीची थकबाकी मात्र फक्त त्यांना, जे १९ एप्रिल १८६१ रोजी, युद्धाच्या आरंभी, स्वतंत्र होते. म्हणजे एकाच खंदकात लढलेल्या दोघांतला एक भरती झाल्या दिवसापासून सैनिक आणि दुसरा अर्ध्या वाटेपासून. वॉकरसारख्यांच्या पलटणींना मार्च १८६५ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. या नकाराला मी सर्वांत मोठी कामगिरी म्हणतो ते ही कसर जमेला धरूनच.

आणि तरीही त्या कसरीवर चोपन्नाव्यात जे घडले ते विलक्षण आहे. पलटणीत काही जण होतेच, जे १८६१ मध्ये कायद्याने कुणाचे तरी गुलाम होते. शपथ घ्यायची तर खोटी घ्यावी लागणार, खरे बोलावे तर पैसे जाणार. शॉनंतर पलटण सांभाळणारा कर्नल एडवर्ड हॅलोवेल क्वेकर या गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती पंथाच्या घराण्यातला. त्याने शपथेचा मसुदा असा केला: १९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्यापूर्वी मी कोणत्याही माणसाचे बिनमोबदल्याच्या श्रमांचे देणे लागत नव्हतो. कायद्याने गुलाम असलेला माणूसही ही शपथ सत्य म्हणून घेऊ शकत होता, कारण देवाच्या न्यायाने कुणी कुणाचे फुकट कष्ट देणे लागतच नाही. सरकारने फट ठेवली ती माणसे वेगळी काढण्यासाठी; पलटणीने त्याच फटीतून सगळ्यांना बाहेर काढले. सप्टेंबर १८६४ च्या अखेरीस पूर्ण पगार, भरतीच्या दिवसापासूनचा, हातात पडला. कार्नीला वॅग्नरच्या झेंड्याबद्दल ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते १९०० मध्ये. पगार दीड वर्षात वसूल झाला, शौर्याची पोच मिळायला सदतीस वर्षे लागली. कोणते हत्यार जास्त चालले याचा हिशेब यातच आहे.

कुणी म्हणेल, शौर्याने दक्षिणेचासुद्धा पाया हादरला होता. जानेवारी १८६५ मध्ये दक्षिणेचे पुढारी स्वतःच्याच सैन्यात गुलामांची भरती करावी का यावर चर्चा करत होते तेव्हा तिथला जनरल हॉवेल कॉब लिहून गेला की गुलाम चांगले सैनिक होऊ शकत असतील तर गुलामगिरीचा आपला सगळा सिद्धान्तच चुकीचा ठरतो. वाक्य प्रसिद्ध आहे, पण ते कशासाठी लिहिले ते सहसा सांगितले जात नाही. कॉब भरतीला विरोध करत होता. पुराव्याने सिद्धान्त कोसळेल हे त्याला कळत होते, म्हणून पुरावा गोळाच करू नये असा त्याचा सल्ला होता. दीड वर्षापूर्वीचे वॅग्नर, मिलिकन्स बेंड, सगळे त्याच्या डोळ्यांपुढे घडलेले. तरी वाक्याची सुरुवात ‘असतील तर’ने. ज्याला बघायचेच नाही त्याला आणखी किती मरून दाखवायचे?

उद्धारकर्त्याच्या वादालाही इथून वेगळे उत्तर मिळते. आपल्याकडे हे युद्ध पोचले ते जोतीराव फुल्यांमुळे. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष परोपकारबुद्धीबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा या इच्छेने. जोतीराव चुकले नव्हते. शॉ, अँड्र्यू, हॅलोवेल हे तसलेच लोक, आणि जोतीरावांना इथल्या वरच्या जातींना लाज आणायची होती, त्यासाठी हेच उदाहरण उपयोगाचे. पण त्या अर्पणपत्रिकेचा वारसा सांगणारे आपण निम्मीच गोष्ट सांगत आलो आहोत. शॉने पत्र लिहिले, अँड्र्यूंनी विधिमंडळाकडून पैसे आणले, आणि ते पैसे परत करून ‘हे नको, ते हवे’ असे परोपकार करणाऱ्यालाच सांगितले ते काळ्या शिपायांनी. चांगला गोरा माणूस घोड्यावर होता हे नाकारायचे कारण नाही. रस्ता कोणता, हे त्या वेळी पायी चालणाऱ्यांनी ठरवले.

एक आक्षेप उरतो, आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. पगार शिपायांनी नाकारला, उपासमार बायकामुलांची झाली. नवरा दक्षिणेत, घरी पैसा नाही, काही कुटुंबे निराधारांच्या धर्मादाय आश्रयगृहांच्या दाराशी गेली. त्या बायकांना कुणी विचारले होते का? नकाराचा निर्णय छावणीत झाला, किंमत घरोघर चुकती झाली. शिपायांच्या पत्रांत याची टोचणी वारंवार दिसते, म्हणजे त्यांना ते कळत होते. पण तडजोड करून तेरा डॉलर घरी पाठवले असते तर त्या बायकांच्या मुलांना पुढे किती काळ सातच्या भावाने मोजले गेले असते, हा प्रश्नही तितकाच खरा. वॅग्नरच्या मृतांची नावे आता बॉस्टनच्या त्या स्मारकावर आहेत. या दीड वर्षाचा भार उचलणाऱ्या बायकांचे नाव कोणत्याच स्मारकावर नाही, आणि स्मारकांवरून भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना त्याची आठवणही येत नाही.

पगारापाठोपाठ दुसरी मागणी उभी राहिली. स्टीफन स्वेल्स हा सार्जंट, ओलस्टीत डोक्याला गोळी लागूनही टिकलेला. मार्च १८६४ मध्ये अँड्र्यूंनी त्याला सेकंड लेफ्टनंट नेमले. युद्धखात्याने कळवले, आफ्रिकन वंशाचा माणूस अधिकारी होऊ शकत नाही. पुन्हा पत्रे, पुन्हा अर्ज, पुन्हा तोच हेका. जानेवारी १८६५ मध्ये खात्याने हुद्दा मान्य केला. युद्धानंतर स्वेल्स दक्षिण कॅरोलायनातच राहिला, वकील झाला, राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला. १८७८ मध्ये त्याला जिवाची धमकी देऊन त्याच्या गावातून हुसकावण्यात आले. त्याच्या डोक्यावरचा ओलस्टीचा व्रण तेव्हाही तिथेच होता; ज्या कायद्यांच्या जोरावर तो सिनेटर झाला, ते राबवणारी फौज मात्र वर्षभरापूर्वी राज्याच्या राजधानीतून उठून गेली होती.